शिक्षकांची सॉफ्ट स्किल्स: वर्ग, पालकभेट आणि शिक्षकखोलीसाठी सरावाचा क्रम

शिक्षकांच्या प्रशिक्षणात सॉफ्ट स्किल्सचा तास बहुधा दुपारच्या जेवणानंतर येतो. पडद्यावर संवाद, नेतृत्व, संघभावना, वेळेचे नियोजन, सकारात्मक दृष्टिकोन अशी यादी उमटते, व्यासपीठावर कसे उभे राहावे याचे प्रात्यक्षिक होते आणि सगळे चहाला उठतात. त्या यादीत चुकीचे काहीच नसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात मांडलेली दहा जीवनकौशल्यांची यादीही अशीच निर्दोष आहे आणि अभ्यासक्रम आखणाऱ्यांना तिचा उपयोगही होतो. परंतु मंगळवारी चौथ्या तासाला गोंगाट करणाऱ्या वर्गासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाने नेमके काय करावे, हे अशी कोणतीही यादी सांगत नाही.

म्हणून या लेखात सर्व कौशल्यांचा आढावा घेतलेला नाही. शिक्षकाच्या कामात माणसांशी गाठ पडते असे चार-पाच प्रसंग निवडले आहेत आणि त्या प्रत्येक प्रसंगी करण्याच्या कृती क्रमाने दिल्या आहेत. ‘सरांचा स्वभावच शांत आहे’ किंवा ‘बाईंना बोलायची कलाच आहे’ असे आपण सहज म्हणतो. पण जवळून पाहिले तर त्या शांतपणाचे आणि कलेचे तुकडे करता येतात आणि त्यांतला बहुतेक प्रत्येक तुकडा सरावाने जमतो.

सुरुवात: कुठे बिनसते ते आधी पाहावे

कोणतेही कौशल्य निवडण्यापूर्वी एक आठवडा टाचणवहीच्या, म्हणजे रोजच्या पाठांच्या नियोजनाच्या वहीच्या, शेवटच्या पानावर दररोज दोन ओळी लिहाव्यात: आज कोणाशी बोलताना बिनसले आणि त्या वेळी आपण नेमके काय बोललो. ‘वर्ग ऐकत नाही’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘मधल्या सुट्टीनंतर सूचना तीन वेळा द्यावी लागली, तिसऱ्यांदा ओरडलो’ ही नोंद उपयोगाची आहे, कारण तिच्यात वेळ, कृती आणि परिणाम तिन्ही आहेत. आठवड्याअखेरीस बहुतेकांच्या लक्षात येते की अडचण सगळीकडे पसरलेली नसून दोन-तीन ठरावीक जागीच ती पुन्हा पुन्हा उद्भवते.

त्यांपैकी एकच जागा निवडावी आणि बदल डोळ्यांना दिसेल अशा शब्दांत लिहावा. ‘मी संयम बाळगेन’ हा संकल्प पाळला की मोडला, हे ठरवायला मापच नाही. ‘सूचना देण्यापूर्वी वर्ग शांत होईपर्यंत फळ्याजवळ उभा राहीन आणि सूचना एकदाच देईन’ हे मात्र शेजारच्या वर्गातील शिक्षकालाही पडताळून पाहता येते.

पहिली पायरी: प्रश्न विचारून थांबणे

ऐकणे हे शिक्षकाचे सर्वांत महत्त्वाचे कौशल्य आहे असे माझे मत आहे आणि त्याची सुरुवात थांबण्यापासून होते. अमेरिकेतील विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा असे दिसले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि लगेच प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून पुढे वाढवला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, उत्तरच न देण्याचे प्रसंग कमी झाले आणि मुले स्वतःहून प्रश्न विचारू लागली. त्यांच्या निरीक्षणातला आणखी एक भाग अधिक बोचणारा आहे: शिक्षक ज्यांना हुशार समजत होते, त्यांच्यासाठी ते जास्त वेळ थांबत होते आणि ज्यांना खरोखर वेळेची गरज होती, त्यांच्यासाठी कमी.

हे कौशल्य कमवायचे तर सुरुवातीला दिवसातून एकच तास निवडावा. प्रश्न आधी विचारावा, मनात तीनपर्यंत मोजावे आणि मगच मुलाचे नाव घ्यावे; नाव आधी घेतले की बाकीचा वर्ग विचार करणे सोडून देतो. मुलाने उत्तर दिल्यावरही लगेच ‘शाब्बास’ किंवा ‘चूक’ न म्हणता पुन्हा तेवढेच थांबावे. ही दुसरी शांतता अधिक अवघड आणि अधिक फलदायी असते, कारण मूल आपलेच वाक्य पुढे नेते किंवा दुसरे मूल त्यात भर घालते. मुलाचे उत्तर मोठ्याने परत म्हणून दाखवण्याची सवयही सोडावी. ‘सर पुन्हा सांगणारच आहेत’ हे एकदा कळले की मुले एकमेकांचे ऐकत नाहीत.

‘कळलं ना?’ हा प्रश्न तर आपल्या वर्गांतून हद्दपारच केला पाहिजे. त्यावर ‘हो बाई’ असा जो एकसुरी घोष उठतो, त्यातून कोणाला काय समजले याचा काहीही पत्ता लागत नाही. त्याऐवजी ‘आत्ता केलेलं उदाहरण शेजारच्याला समजावून सांगा’ असे म्हणावे आणि दोन मिनिटे फिरून नुसते ऐकावे.

ज्या वर्गात मुलांची घरची भाषा पाठ्यपुस्तकाच्या मराठीपेक्षा वेगळी आहे, म्हणजे मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी, तिथे तीन सेकंदही पुरत नाहीत. मूल प्रश्न ऐकते, घरच्या भाषेत विचार करते आणि उत्तर मराठीत आणते. अशा वेळी आधी आपसांत घरच्या भाषेत बोलू द्यावे आणि मग उत्तर मागावे. शिक्षकाला ती भाषा येत नसली तरी हे करता येते. त्या भाषेतील ‘पुन्हा सांग’ आणि ‘बरोबर’ एवढे दोन शब्द जरी शिक्षकाने मुलांकडून शिकून घेतले, तरी मुलांचे बोलणे वाढते.

आपण किती थांबतो याचा अंदाज स्वतःला येत नाही. मोबाइलवर दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे, घरी ऐकावे, आपले आणि मुलांचे बोलणे यांचे प्रमाण पाहावे आणि ते पुसून टाकावे. ते कोणाला पाठवू नये.

दुसरी पायरी: कामाबद्दल बोलणे, माणसाबद्दल नव्हे

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले आणि त्यासोबत वर्णनात्मक नोंदी, म्हणजे मुलाच्या प्रगतीविषयी शब्दांत लिहायची निरीक्षणे, आल्या. नोंदींमागची कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात विषयवार तयार नोंदींच्या फाइली शिक्षकांच्या ग्रुपवरून फिरू लागल्या आणि ‘वाचनाची आवड आहे’, ‘प्रगती समाधानकारक’ अशी वाक्ये पटावरच्या प्रत्येक नावापुढे उतरू लागली. नोंदवही तपासणाऱ्याचे समाधान त्यातून होते, मुलाच्या हाती मात्र काही लागत नाही.

शिक्षण-संशोधक जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांनी २००७ मध्ये अभिप्रायाविषयीच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात ‘तू हुशार आहेस’ अशा व्यक्तीवर बेतलेल्या अभिप्रायाचा शिकण्यावर सर्वांत कमी परिणाम होतो, तर काम, ते करण्याची पद्धत आणि स्वतःच्या कामावर लक्ष ठेवण्याची सवय यांविषयीचा अभिप्राय अधिक उपयोगी ठरतो, असे त्यांनी मांडले. म्हणून नोंद लिहिताना तीन गोष्टी याव्यात: काय जमते, नेमके कुठे अडते आणि पुढे काय करायचे. उदाहरणार्थ: ‘हातच्याची बेरीज उभ्या मांडणीत बरोबर करते. आडवी मांडणी दिल्यास हातचा मिळवायचा राहतो. पुढील आठवडाभर दशक-एककाचे रकाने आखून रोज चार उदाहरणे द्यावीत.’ अशी नोंद प्रत्येक मुलासाठी रोज लिहिणे अशक्य आहे, हे खरेच. रोज पाच मुले निवडली तर महिन्याभरात चाळिसांचा वर्ग दोनदाही होऊ शकतो.

हीच शिस्त मोठ्यांशी बोलताना लागते आणि शाळेइतकीच ती कार्यालयातही लागते. अमेरिकेतील सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने प्रचारात आणलेली एक साधी चौकट आहे: प्रसंग, वर्तन, परिणाम. मुख्याध्यापक एखाद्या सहकाऱ्याला ‘तुम्हाला जबाबदारीची जाणीव नाही’ असे म्हणतात, तेव्हा बोलणे स्वभावावर जाते आणि समोरचा माणूस बचावाला उभा राहतो. त्याऐवजी असे म्हणता येते: ‘सोमवारी आणि काल परिपाठ सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी आपण आलात. तोवर दुसरीची मुलं एकटी व्हरांड्यात होती. काही अडचण आहे का?’ यात प्रसंग आहे, वर्तन आहे, परिणाम आहे आणि शेवटी प्रश्न आहे. तो प्रश्न विचारल्यावरही पहिल्या पायरीत सांगितल्याप्रमाणे थांबायचेच असते. अनेक मुख्याध्यापक तो विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता नियम सांगू लागतात. असे बोलणे एकांतात आणि शक्यतो त्याच आठवड्यात व्हावे. मार्चमध्ये ऑगस्टचा हिशेब काढला की तो सूड वाटतो.

तिसरी पायरी: पालकांशी बोलणे

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकांशी नियमित बैठका घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असेही सांगितले आहे. तरीही बहुतेक पालकांचा अनुभव असा की शाळेतून निरोप आला म्हणजे तक्रार आली. हा समज मोडणे हे पहिले काम आहे. जून-जुलैमध्ये प्रत्येक पालकाशी एकदा तरी असे बोलणे व्हावे, ज्यात मुलाविषयीची एक खरी, चांगली आणि नेमकी गोष्ट सांगितली जाईल. ‘पोरगं चांगलं आहे’ यापेक्षा ‘आज त्यानं नव्या मुलाला स्वतःहून जागा करून दिली’ हे पालकाच्या लक्षात राहते. पुढे कठीण विषय काढावा लागला, तर हे आधीचे बोलणे कामाला येते.

ठरवून घेतलेल्या भेटीत शिक्षकाने टेबलामागे आणि पालकाने दारात, अशी मांडणी नसावी. ‘दादा, बसा’ किंवा ‘ताई, आत या’ म्हणून आधी बसायला द्यावे, पाणी विचारावे. नंतर क्रम असा ठेवावा: आधी विचारणे, मग सांगणे, मग ठरवणे. ‘घरी तो शाळेबद्दल काय बोलतो?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला, तर पुष्कळदा आपण जे सांगणार होतो त्याचे कारणच समोर येते. सांगताना एकच मुद्दा सांगावा. ठरवताना पालकाने एक आणि शिक्षकाने एक अशा दोनच गोष्टी ठरवाव्यात आणि पुढची भेट कधी, हेही त्याच वेळी बोलून घ्यावे. दुसऱ्या मुलाशी तुलना करू नये आणि इतर पालकांसमोर गुण वाचून दाखवू नयेत.

मराठवाड्यात, विशेषतः बीड जिल्ह्यात, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांशी करायचे बोलणे हे या कौशल्याची खरी परीक्षा आहे. ‘पोरांचं नुकसान करताय’ या वाक्याने संभाषण सुरू होते आणि तिथेच संपतेही, कारण उचल, म्हणजे कामाआधीच आगाऊ रक्कम, घेतलेल्या माणसापुढे जायचे की नाही हा पर्यायच उरलेला नसतो. टोळी निघायच्या आधी, म्हणजे दसऱ्यापूर्वीच बोलावे. ‘यंदा कोणत्या कारखान्याला जाणार? किती महिने? मागे घरी कोण राहतं?’ असे विचारावे. आजी-आजोबा गावात असतील तर त्यांनाही भेटावे, हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर ती नीट समजावून सांगावी आणि मूल सोबतच जाणार असेल तर कारखान्याच्या परिसरात शाळेची काय व्यवस्था आहे याची विचारणा करून पालकाचा चालू असलेला मोबाइल क्रमांक घ्यावा. मार्च-एप्रिलमध्ये परतलेल्या मुलाचे स्वागत ‘आलास का एकदाचा?’ असे होऊ नये.

संतापून आलेल्या पालकाशी बोलताना आधी जागा बदलावी. वर्गाच्या दारात, मुलांसमोर हा विषय होऊ नये. त्यांचे पूर्ण ऐकावे, मध्ये खुलासा करू नये आणि झाल्यावर त्यांचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगून ‘असंच ना?’ असे विचारावे. बहुतेकांचा आवाज या टप्प्यावर खाली येतो. मग आपल्या अधिकारात काय आहे आणि काय नाही हे स्पष्ट सांगून ‘शुक्रवारी दुपारी सांगतो’ असा नेमका शब्द द्यावा आणि तो पाळावा. तक्रार मुलाला मारल्याची किंवा अपमानित केल्याची असेल, तर मात्र गोड बोलून ती मिटवण्याचा प्रयत्न करू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना बंदी आहे. असे प्रकरण लेखी स्वरूपात मुख्याध्यापकांकडे गेले पाहिजे.

इथेच ऐकण्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. मूल विश्वासाने काही सांगायला येते आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणते, तेव्हा तसे वचन देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असल्यास ती पोलिसांना कळवणे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ नुसार बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. ‘तू सांगितलंस ते चांगलं केलंस. तुला मदत करता येईल अशाच माणसांना मी हे सांगेन’ असे म्हणावे, तपशील खोदून विचारू नयेत, मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि त्याच दिवशी पुढची कार्यवाही करावी. बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८ या क्रमांकावर आहे; तो क्रमांक शाळेच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल इतक्या उंचीवर असावा.

चौथी पायरी: सहकारी, बैठका आणि ग्रुप

संस्थांमधील गटांच्या कामाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांमध्ये औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगले काम करणाऱ्या गटांमध्ये नोंदलेल्या चुका अधिक असल्याचे आढळले. ते गट जास्त चुकत नव्हते. तिथे चूक झाली असे म्हणण्याची भीती कमी होती, त्यामुळे चुका उघड होत होत्या. शाळेतही हे ताडून पाहता येते. ‘चौथीतल्या सहा मुलांना अजून वाचता येत नाही’ हे वाक्य ज्या शिक्षकखोलीत निर्धास्तपणे बोलता येते, तिथेच त्या सहा मुलांसाठी काही घडते. जिथे ते बोलल्यावर ‘मग तुम्ही वर्षभर काय केलंत?’ असा प्रश्न येतो, तिथे पुढच्या वेळी सर्वांना वाचता येत असल्याची माहिती मिळते. ही मोकळीक मुख्याध्यापकांनीच सुरू करावी लागते; त्यांनी बैठकीत स्वतःची एखादी अडचण आधी मांडली, तर इतरांना बोलणे सोपे जाते.

बैठकीचे तंत्र फार अवघड नाही. विषय आदल्या दिवशी सांगावेत, सर्वांत नव्या शिक्षकाला आधी बोलू द्यावे आणि शेवटी कोणी, काय, कधीपर्यंत करायचे एवढे इतिवृत्तात लिहावे. ज्येष्ठांनी आधी मत दिले की नवे शिक्षक मान डोलावतात. केंद्रस्तरावरील, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेतही केंद्रप्रमुखांना हाच क्रम ठेवता येईल.

द्विशिक्षकी शाळेचा प्रश्न वेगळा आहे. तिथे दोनच माणसे, आणि त्यांचे बिनसले तर मध्यस्थ कोणी नसतो. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, वर्गांची विभागणी, बँकेची कामे यांची वाटणी जूनमध्येच कागदावर करावी आणि दिवाळीनंतर एकदा बदलून घ्यावी. मनातला बराचसा राग हा तोंडी राहिलेल्या वाटणीतूनच आलेला असतो.

व्हॉट्सॲप ग्रुपसाठी तीन बंधने पुरेत: मतभेद ग्रुपवर लिहायचा नाही, फोन करायचा, मुलांची छायाचित्रे पुढे पाठवायची नाहीत, आणि संतापाच्या भरात लिहिलेला मजकूर त्याच रात्री पाठवायचा नाही.

वरिष्ठांना नकार देणे हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही. ‘आजच्या आज माहिती सादर करा’ असा निरोप भर तासाला येतो आणि शिक्षकापुढे वर्ग सोडणे किंवा निरोपाकडे दुर्लक्ष करणे हे दोनच मार्ग आहेत असे त्याला वाटते. तिसरा मार्ग असा: ‘साहेब, पटसंख्येचा रकाना आत्ता पाठवतो. बाकीची माहिती उद्या अकरापर्यंत देतो, आत्ता चौथीची चाचणी सुरू आहे.’ यात नकार आहे, कारण आहे, लगेच करता येईल असा भाग आहे आणि वेळ आहे. सगळेच साहेब हे मान्य करतील असे नाही. पण नुसत्या ‘शक्य नाही’पेक्षा किंवा मौनापेक्षा हे उत्तर पुष्कळदा स्वीकारले जाते आणि पुढे लेखी विचारणा झालीच, तर शिक्षकाची बाजू नोंदलेली असते.

रागाविषयी थोडेसे

राग येणार नाही अशी कोणतीही युक्ती नाही. तो येताना आधी शरीरात काय होते हे ओळखता येते: कोणाचा जबडा आवळतो, कोणाचा आवाज चढतो, कोणी खडू मोडतो. ते चिन्ह दिसताच करायची एक कृती आधीच ठरवून ठेवावी, जसे फळ्याकडे वळून तारीख पुन्हा लिहिणे, पाणी पिणे किंवा ‘याबद्दल आपण सुट्टीत बोलू’ हे एकच वाक्य म्हणणे. नवे वाक्य त्या क्षणी सुचत नाही, म्हणून ते पाठच असावे. आवाज चढवण्याऐवजी मुलाच्या जवळ जाऊन हळू बोलल्यास वर्गासमोरचा सामना टळतो आणि घसाही वाचतो.

सरावाची व्यवस्था

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांना दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, असे म्हटले आहे. त्यांतले बरेच तास ऑनलाइन अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रे यांत जातात. माहिती मिळवण्यासाठी ते ठीक आहे. थांबणे किंवा ऐकणे मात्र चित्रफीत पाहून येत नाही, त्यासाठी समोर माणूस लागतो.

म्हणून एक सहकारी जोडीदार निवडावा आणि महिन्यातून एकदा वीस मिनिटे एकमेकांच्या वर्गात मागे बसावे. येण्यापूर्वी यजमान शिक्षकाने एकच प्रश्न द्यावा: ‘मी उत्तरानंतर थांबतो का ते पाहा’ किंवा ‘मागच्या बाकांवरच्या किती मुलांची नावं मी घेतली ते मोजा’. पाहुण्याने तेवढेच मोजावे, तेवढेच सांगावे, सल्ला मागितल्याशिवाय देऊ नये आणि त्याची नोंद कोणत्याही मूल्यांकनाच्या फाइलीत जाऊ नये. एकशिक्षकी शाळेत जोडीदार नसेल, तर दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण त्याची जागा बऱ्याच अंशी घेते.

एक कृती अंगवळणी पडायला एक महिना धरावा. जून-जुलै थांबण्यासाठी, ऑगस्ट नोंदींसाठी, सप्टेंबर पालकभेटींसाठी, कारण स्थलांतर पुढ्यात असते. दुसऱ्या सत्रात बैठका आणि सहकारी. महिनाअखेरीस टाचणवहीचे शेवटचे पान उघडून पाहावे. सुरुवातीच्या आठवड्यात नोंदलेली तीच जागा पुन्हा दिसत असेल, तर निवडलेली कृती अजून लहान करावी: दिवसभर नको, एका तासात, एका तासात नको, पहिल्या तीन प्रश्नांपुरती.